शेतकरी घरातला ताण: ओळखायचा कसा, विचारायचं काय, उपचार कुठे आणि कर्जाचा कागद कसा मांडायचा

शेतकऱ्याच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरं ऐकू येतात. भाव द्या, पाणी द्या, मन आपोआप ताळ्यावर येईल, हे एक. सकारात्मक विचार करा, योगासनं करा, हे दुसरं. घरातला माणूस तीन आठवडे धड झोपलेला नसतो तेव्हा या दोन्हींचा उपयोग होत नाही. कर्ज खरं असतं आणि आजारही खरा असतो. कर्ज फिटलं तरी आजार मागे राहू शकतो. उलट आजारावर गोळी सुरू झाली आणि सावकार दारात बसलेलाच राहिला, तर गोळीही अर्धवटच लागू पडते. म्हणून मन आणि हिशोब एकाच वेळी हातात घ्यावे लागतात. फक्त कामांचा क्रम चुकवायचा नाही: आधी जीव सुरक्षित, मग बोलणं आणि दवाखाना, त्यानंतर कागद. बहुतेक घरांत हे उलटं होतं. आधी जमीन विकायची की नाही यावर रात्रभर वाद होतात आणि दवाखान्याचं नाव निघायला सहा महिने जातात.

आत्ता, या क्षणी धोका असेल तर

कोणी मरणाची भाषा करत असेल, निरवानिरव करत असेल (उधारी कोणाकडे किती हे अचानक बायकोला सांगणं, मुलाला बोलावून कागद दाखवणं, जीव लावलेली बैलजोडी कारण नसताना दुसऱ्याला देऊन टाकणं), किंवा बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत झाला असेल, तर त्याला एकटं सोडू नका. एकाने सोबत बसायचं आणि दुसऱ्याने घरातलं फवारणीचं औषध बाहेर काढायचं. तिसऱ्याने फोन लावायचा. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरचा माणूस स्वतः बोलायला तयार नसेल तर नातेवाइकाने फोन करून काय करावं हे विचारलं तरी चालतं. जिवाला धोका असेल तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

विषारी औषध पोटात गेल्याची नुसती शंका असली तरी लक्षणं दिसण्याची वाट पाहू नका. काही औषधांचा परिणाम उशिरा दिसतो, आणि 'बरा दिसतोय' म्हणून घरी ठेवलेला माणूस रात्री अत्यवस्थ होतो. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. औषध फुप्फुसात जाण्याचा धोका त्यानेच वाढतो. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, हे करताना स्वतः हातमोजे घाला. माणसाला डाव्या कुशीवर ठेवा आणि बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या. घटक कळला तर डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो. पोलीस केस होईल या भीतीने दवाखाना टाळला जातो, तर त्याबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. दवाखान्यात पोलीस नोंद होते, पण ती गुन्हेगार ठरवण्यासाठी नसते.

ताणाचंही एक वर्ष असतं

शेतातला ताण वर्षभर सारखा नसतो. कोणत्या महिन्यात लक्ष ठेवायचं हे कळलं तर निम्मी तयारी होते. मार्चअखेर सोसायटीचं, म्हणजे गावच्या सहकारी पतपुरवठा संस्थेचं, कर्ज भरायची मुदत येते. ते नवं-जुनं करण्यासाठी (जुनं भरून लगेच नवं उचलण्यासाठी) चार दिवसांपुरते हातउसने उचलले जातात, आणि ते चार दिवस खासगी व्याजाचे असतात. मे-जूनमध्ये बियाणं, खत, शाळेची फी आणि लग्नकार्य एकाच वेळी अंगावर येतं. पेरणी झाली की पावसाचा खंड. जुलैत दुबार पेरणीची वेळ आली तर घरात सगळ्यात जास्त चिडचिड त्या पंधरवड्यात होते, कारण पहिल्या पेरणीची उधारी तशीच असते आणि दुकानदारापुढे पुन्हा उभं राहायचं असतं. काढणीच्या सुमारास परतीचा पाऊस. मग बाजारात भाव पडतो, आणि हा धक्का वेगळ्या जातीचा असतो. पीक हातात येऊन पैसे येत नाहीत तेव्हा माणूस दोष पावसाला देऊ शकत नाही, स्वतःला देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू, हरभरा, द्राक्षं उभी असताना गारपीट.

कॅलेंडरवर आपल्या घराच्या अशा तीन-चार तारखा आधीच खुणा करून ठेवा. त्या आठवड्यांत घरात मोठे वाद काढायचे नाहीत, पाहुणा-लग्न ठरवायचं नाही, आणि ज्याच्यावर हिशोबाचा भार आहे त्याला एकट्याने बँकेत पाठवायचं नाही. साधी गोष्ट आहे, पण अपमान सहसा बँकेच्या काउंटरवर किंवा दुकानाच्या ओट्यावर होतो आणि तो ऐकायला घरचं कोणी सोबत नसतं.

थकवा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो

हंगामात अंग दुखतं, भूक मरते, झोप तुटते. त्यात आजार नाही. काम सरलं, दोन दिवस पाऊस लागून विश्रांती मिळाली की थकवा उतरतो. नैराश्य उतरत नाही. रिकाम्या दिवशी ते जास्त दिसतं.

खेड्यात कोणी 'मला नैराश्य आलंय' म्हणून येत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, डोकं काम करत नाही, अंगात जीव नाही, ॲसिडिटी जात नाही, मुंग्या येतात, असं म्हणून येतो. महिन्यात तीन डॉक्टर, दोन ईसीजी, एक सोनोग्राफी होते आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल निघतात. अशा वेळी 'काहीच नाही झालं, मनाचं आहे सगळं' हे वाक्य सर्वांत वाईट, कारण माणूस त्याचा अर्थ 'मी ढोंग करतोय' असा घेतो.

घरच्यांना दिसणाऱ्या खुणा या असतात: पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप न लागणं, गोठ्यातल्या जनावरांकडे दुर्लक्ष, अवजार जिथल्या तिथे ठेवणाऱ्याने ते बांधावर टाकून येणं, फोन न उचलणं, पारावर बसायला न जाणं, लहानसहान निर्णयही न घेता येणं. ज्या माणसाने वीस वर्षं स्वतः वाण निवडला तो 'तुम्हीच बघा' म्हणू लागला, तर ते नम्रता म्हणून सोडून देऊ नका.

बाईचं वेगळं दिसतं. ती काम थांबवत नाही. चूल, जनावरं, निंदणी सगळं चालू असतं. फक्त जेवण कमी होतं, डोकेदुखीची गोळी रोजची होते, मुलांवर हात उठतो, आणि माहेरी फोन करणं बंद होतं. तिच्याबद्दल कोणी विचारत नाही कारण घर चालू असतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात आणि नवरा पीत असेल त्या घरात तिच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. शेतीत राहिलेल्या तिशीच्या मुलांचंही तसंच. लग्न जमत नाही, सोबतचे शहरात गेले, आणि वडिलांचा शब्द अजून चालतो. ही मुलं बोलत नाहीत, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर असतात.

चाचणी म्हणून दोन प्रश्न पुरतात. जगभर डॉक्टर ते वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत, एक: कशातच रस वाटत नाही, काही करावंसं वाटत नाही, असं किती दिवस झालं? दोन: उदास, हताश, खचल्यासारखं किती दिवस वाटलं? प्रत्येक उत्तराला गुण द्या. अजिबात नाही तर ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे जायचं. बेरीज कमी आली पण मरणाचे विचार आहेत, तर बेरजेला काही अर्थ नाही, जायचंच.

फवारणीच्या दिवसांत एक गोष्ट वेगळी तपासा. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं अंगावर, श्वासात गेली की डोकेदुखी, मळमळ, घाम, अंधुक दिसणं, चिडचिड, झोप उडणं असं होतं, आणि ते ताणासारखंच दिसतं. त्रास फवारणीच्या दिवशी वाढतो आणि काम थांबल्यावर कमी होतो का, हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा. न सांगितल्यास ते विचारतीलच असं नाही.

घरातलं फवारणीचं औषध

हा भाग लोकांना अवघडल्यासारखा वाटतो, आणि नेमका याच भागाने जीव वाचतात. टोकाची इच्छा बहुतेकदा काही मिनिटं किंवा काही तास टिकते. तेवढ्या वेळात हाताशी घातक वस्तू नसेल तर लाट ओसरते. वाचलेली बहुसंख्य माणसं पुढे आयुष्य जगतात. 'ज्याला करायचंच आहे तो काहीही करेल' हे म्हणणं चुकीचं आहे. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण खूप घटलं, आणि त्यामुळे शेतीचं उत्पादन कमी झाल्याचं दिसलं नाही.

तिथेच दुसराही एक मोठा अभ्यास झाला. गावोगावी कुलूपबंद पेट्या वाटण्यात आल्या, पण नुसत्या पेट्यांनी फरक पडल्याचं दिसलं नाही. कारण कळायला अवघड नाही. किल्ली त्याच खिळ्याला टांगलेली असते, किंवा हंगामात रोज कोण कुलूप लावणार म्हणून पेटी उघडीच राहते. म्हणून पेटी हा दुय्यम उपाय समजा. घरात औषध नसणं हा पहिला.

त्यासाठी एका फवारणीपुरतंच आणा. एकरी लागणारं प्रमाण आणि क्षेत्र यांचा गुणाकार करून तेवढ्याच मापाची बाटली घ्यायची. अर्धा लिटर लागत असताना लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून घेतली की उरलेलं वर्षभर घरात पडून राहतं. उरलंच तर शेजाऱ्याशी आधी बोलून त्याच्या फवारणीत संपवा. घरात कोणी खचलेलं असेल तर साठा सरळ दुसऱ्याच्या घरी हलवा. भावाकडे, मित्राकडे, कुठेही, पण त्या माणसाला जागा सांगायची नाही. फवारणी त्या हंगामात दुसऱ्याने करावी. मजुरीचे पैसे गेले तरी चालतील. ओळखीच्या कृषी सेवा केंद्रात खाजगीत सांगून ठेवा की तो एकटा आला तर औषध देऊ नका, आधी घरी फोन करा. चांगले दुकानदार हे पाळतात.

पेटी ठेवावीच लागली तर ती गोठ्यात किंवा स्वयंपाकघरात नको. किल्ली एकाच जबाबदार माणसाच्या अंगावर असावी. औषध कधीही थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका, त्यात लहान मुलं फसतात. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी पंपाच्या टाकीत ओता आणि बाटलीला भोकं पाडा. घरातल्या गोळ्याही याच नियमात येतात, मग त्या झोपेच्या असोत किंवा साखर-रक्तदाबाच्या. महिन्याचा साठा एकाच्या हाती नको.

विचारायचं कसं

मरणाबद्दल विचारलं तर मनात नसलेला विचार घातला जाईल, ही भीती सगळ्यांना असते. ती निराधार आहे. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते.

जागा आणि वेळ निवडा. जेवताना, सगळ्यांसमोर, किंवा त्याने दारू घेतलेली असताना नाही. बांधावर, मोटारसायकलवरून येताना, जनावरांना वैरण घालताना, म्हणजे दोघांचे हात कामात असतात आणि डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही तेव्हा पुरुष जास्त बोलतात. मोठ्या भावाला लहान भावाने विचारायचं असेल तर 'दादा, महिना झाला तू पहाटेचा उठून बसतोस. माझ्या लक्षात आलंय. काय चाललंय?' एवढं पुरे. आधी दिसलेली गोष्ट सांगायची, मग प्रश्न. 'तुला टेन्शन आहे का' याला उत्तर 'नाही' येतं, कारण तो हो-नाहीचा प्रश्न आहे.

मग गप्प बसा. ही गोष्ट जमायला सर्वांत कठीण. अर्धा मिनिट शांतता पडली की आपण सल्ला द्यायला लागतो आणि समोरचा बंद होतो. तो काही बोलला की पुढचा प्रश्न: 'कधी असं वाटतं का की जगूच नये?' हो म्हणाला तर 'काही ठरवलंयस का, कधी, कसं?' ठरवलेलं असेल तर हे तातडीचं आहे, वरचा 'आत्ता, या क्षणी धोका असेल तर' हा भाग पाहा.

काही वाक्यं टाळा. 'लोकांकडे बघ, त्यांचं तुझ्यापेक्षा वाईट आहे.' 'पोराबाळांचा तरी विचार कर.' दुसरं वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, पण तो विचार तो रोज करतच असतो आणि त्याच विचाराने त्याला आपण ओझं आहोत असं वाटतं. 'मी गेलो तर कर्ज तरी सुटेल' असं कोणी म्हणालं, तर भावनेत न जाता वस्तुस्थिती सांगा. माणूस गेल्याने कर्ज माफ होत नाही, जमिनीवरचा बोजा वारसांच्या नावावर तसाच जातो, सरकारी मदतीचे कित्येक प्रस्ताव अटींत बसत नाहीत म्हणून अपात्र ठरतात. मागे राहते ती बायको, तेच कर्ज, आणि कमावणारं एक माणूस कमी. हे शांतपणे सांगा, रागावून नाही.

'कोणाला सांगू नको' असं वचन देऊ नका. त्याऐवजी 'गावात बोलणार नाही, पण तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर एका माणसाला सांगेन, तो कोण ते तू ठरव' असं म्हणा. आणि निघताना पुढची भेट ठरवा. 'उद्या संध्याकाळी येतो' हे 'काही लागलं तर सांग' पेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण खचलेला माणूस मागत नाही.

दवाखाना

पहिला टप्पा प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. आशाताई किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकरी समुपदेशनासाठी 'प्रेरणा' प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला, त्यात आशांनी घरोघर पाहणी करायची अशी रचना होती. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयात बसतं आणि तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी जातं. तो वार आधी फोनवर विचारा. चुकीच्या दिवशी पन्नास किलोमीटर जाऊन परत आलेला माणूस दुसऱ्यांदा निघत नाही. दाखल करण्याची गरज पडल्यास ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मात्र बहुतेकांना तिथवर जावंच लागत नाही, बाह्यरुग्ण विभागातच भागतं.

जाताना एका कागदावर पाच ओळी लिहून न्या: त्रास कधीपासून, झोप किती तास, दारू किती आणि रोज का, मरणाचे विचार आहेत का, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो आणि समोर बसल्यावर माणूस 'तसं ठीक आहे' म्हणतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासायला सांगितली तर करून घ्या. यांतली गडबड नैराश्यासारखीच दिसू शकते.

गोळी सुरू झाल्यावर काय चुकतं ते नीट समजून घ्या, कारण उपचार इथेच तुटतात. नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, डोकं जड होणं, पोट बिघडणं मात्र पहिल्याच आठवड्यात येतं. म्हणजे आधी त्रास, मग गुण. हे कोणी सांगितलेलं नसतं म्हणून पाचव्या दिवशी पट्टी माळ्यावर जाते. दुसरी चूक दोन महिन्यांनी होते. बरं वाटलं की गोळी बंद. बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने ती चालू ठेवावी लागते आणि डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायची असते. या गोळ्यांची दारूसारखी सवय लागत नाही. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची, ज्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात आणि दारूसोबत घेतल्या तर श्वासावर परिणाम करतात. पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त जवळ राहावं. अंगातली शक्ती मन सावरण्याआधी परत येऊ शकते, आणि काहींना, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांना, सुरुवातीला बेचैनी वाढल्यासारखी वाटते. तसं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करायचा.

देवळात, दर्ग्यात, भगताकडे जायचं असेल तर वाद घालू नका. एकच अट घाला: गोळी बंद करायची नाही, आणि बांधून ठेवणारा किंवा उपाशी ठेवणारा उपाय नको. गावात भरणाऱ्या प्रेरणादायी व्याख्यानांबद्दलही आमचं मत फारसं बरं नाही. ज्याला उठून बसणं जमत नाही त्याला 'मनात आणलं तर काहीही शक्य आहे' ऐकवलं की त्याच्या अपराधीपणात भर पडते.

आजार गावात कळेल ही भीती असेल तर हे माहीत असू द्या: २०१७ च्या कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला सांगितलं आहे.

दारू

रोज पिणाऱ्याला घरचे शपथ घालतात आणि तो एका दिवसात सोडतो. हे धोक्याचं ठरू शकतं. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन भिंतीवर किडे दिसणं, माणसं न ओळखणं असं होतं. त्यात जीव जाऊ शकतो. लोक त्याला बाहेरची बाधा समजून दवाखाना सोडून भलतीकडे नेतात. म्हणून सोडायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व घेऊन. दारूने झोप लागते हे खरं, पण ती पहाटे तुटते आणि उदासी वाढवते. टोकाचं पाऊल बरेचदा प्यालेल्या अवस्थेत उचललं जातं, त्यामुळे खचलेल्या माणसाला त्या संध्याकाळी एकटं सोडायचं नाही.

कर्जाचा कागद

डोक्यातलं कर्ज कागदावरच्या कर्जापेक्षा नेहमी मोठं असतं. रात्री तीनला तेच आकडे फिरत राहतात आणि बेरीज दर वेळी वेगळी येते. म्हणून माणूस थोडा सावरला, आठवडाभर झोप लागली की एका दुपारी दोघांनी बसायचं. नवरा-बायको असतील तर उत्तम. बहुतेक घरांत बाईला अर्धीच देणी माहीत असतात.

वहीत सहा रकाने आखा: कोणाचं, मुद्दल, व्याज वर्षाला किती, कधीपर्यंत, तारण काय, न दिल्यास काय होईल. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. बऱ्याच ओळींपुढे 'बोलतील, पण काही करू शकत नाहीत' असं निघतं, आणि नुसतं ते लिहिल्यानेही छाती हलकी होते. महिन्याचं व्याज वर्षाचं करा. दरमहा शेकडा तीनने घेतलेल्या १ लाखाला वर्षाला ३६,००० व्याज जातं. ७ टक्क्यांच्या पीककर्जाला तेवढ्याच रकमेवर ७,०००. पैसे हातात आले की कोणाला आधी द्यायचं हे यातून ठरतं. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याला आधी, ही नेहमीची चूक.

मग ओळीओळीने बघा:

बँक आणि सोसायटी. नैसर्गिक आपत्तीत पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं तर पीककर्जाच्या पुनर्गठनाची (परतफेडीची मुदत नव्याने ठरवण्याची) तरतूद रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी केलेली आहे. आपल्या भागाला ती लागू झाली आहे का हे शाखेत लेखी अर्ज देऊन विचारा आणि पोच घ्या. तोंडी विचारणा हवेत जाते.

वसुलीवाले. बँकेच्या आणि वित्त कंपनीच्या वसुली एजंटाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. गटाच्या मायक्रोफायनान्स कर्जासाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, दारात बसणं हे नियमबाह्य आहे. फोनची नोंद ठेवा आणि आधी त्याच संस्थेकडे लेखी तक्रार करा.

खासगी सावकार. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि चक्रवाढ व्याज घेता येत नाही. कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल तर ती ओळ वहीत लाल शाईने लिहा, ती सर्वांत घातक. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. चिठ्ठ्या, साक्षीदारांची नावं, पैसे दिल्याच्या तारखा आधी गोळा करा. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००.

दुकानाची उधारी आणि हातउसने. इथे कायद्यापेक्षा बोलणं चालतं. तोंड चुकवलं की पत जाते. 'सोयाबीन विकलं की पाच हजार, उरलेले पुढच्या हंगामात' असं ठरावीक सांगितलं तर बहुतेक जण थांबतात. सांगायला खचलेल्या माणसाने जायची गरज नाही, घरातल्या दुसऱ्याने जावं.

जमीन विकणं, मुलीचं शिक्षण थांबवणं, बैल काढणं असे न फिरवता येणारे निर्णय आजार अंगात असताना घेऊ नका. डॉक्टर बरं झालंय म्हणेपर्यंत, निदान दोन महिने, पुढे ढकला. सगळे दरवाजे बंद आहेत हा निष्कर्ष नैराश्य काढतं, आणि आकडे त्याला अनेकदा दुजोरा देत नाहीत.

झोप

शेतीची वीज रात्रीची असली की पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, आणि झोपेचे सगळे शहरी सल्ले तिथे संपतात. दोन गोष्टी तरी पाळा. खचलेल्या माणसाची रात्रपाळी बंद करा, भावाने किंवा शेजाऱ्याने पाळी बदलून घ्यावी, त्याचं दिवसाचं एखादं काम बदल्यात द्यावं. आणि आदली रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठेवा. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त पडायचं नाही. काम पूर्ण बंद करायला लावू नका. दिवसाला एक छोटं, संपणारं काम द्या: वाफा बांधणं, एका जनावराचं दूध काढणं. अख्ख्या शेताची जबाबदारी मात्र काढून घ्या.

घरात आत्महत्या घडून गेली असेल तर

मागे राहिलेल्यांचा धोका वाढलेला असतो, म्हणून वर सांगितलेली फवारणीच्या औषधांची आणि गोळ्यांची काळजी त्या घरात दुप्पट घ्या. बाईला 'तू काय केलंस, तुला कळलं कसं नाही' हे प्रश्न नातेवाइकांनी विचारूच नयेत, आणि विचारणाऱ्याला कोणीतरी थांबवावं. मुलांना खोटं सांगू नका, गावात त्यांना खरं कळतंच. 'बाबांच्या मनाला मोठा आजार झाला होता, त्यात ते गेले, तुझ्यामुळे नाही' असं वयाला साजेसं सांगा, आणि ते पुन्हा पुन्हा विचारतील तेव्हा पुन्हा सांगा. शाळेत वर्गशिक्षकांना कळवून ठेवा.

कागदाची कामं दिवसकार्यानंतर लगेच सुरू करावी लागतात. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. विधवेचं आणि मुलींचं नाव त्यात आहे ना हे फेरफार मंजूर होण्याआधी वाचून घ्या. 'नंतर लावू' म्हणून सोडलेलं नाव नंतर लागत नाही. मृताच्या कर्जाची जबाबदारी वारसांवर फक्त वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरती असते. पत्नी सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून कोऱ्या कागदावर किंवा नव्या करारावर सही करण्याआधी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला दाखवा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. या फेऱ्यांना तिच्यासोबत प्रत्येक वेळी एकच ठरलेला माणूस जावा, म्हणजे दर खिडकीवर सगळी हकीकत पहिल्यापासून तिला सांगावी लागत नाही. पहिली पेरणी, पहिला पोळा, वर्षश्राद्ध या दिवसांच्या आधीच्या आठवड्यात आशाताईंना घरी यायला सांगून ठेवा.